पाटीत काय नाही ते पाहा

कोकणातून हापूसची पहिली पेटी वाशीच्या फळबाजारात उतरली की तिची बातमी होते. पेटीला हार, तिची पूजा, आणि मुहूर्ताच्या सौद्याला लागलेला भाव. हे फळ जानेवारीतले असेल तर त्या भावाचा चवीशी फारसा संबंध नसतो, कारण हापूसचा खरा भर एप्रिल-मे महिन्यांतला. भाव मिळतो तो सगळ्यांच्या आधी आल्याबद्दल. बागायतदाराला हे पक्के ठाऊक असते, म्हणून पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती कल्टार दिले जाते. त्यातले पॅक्लोब्युट्राझोल पालवी रोखून धरते आणि मोहोर लवकर आणते, शिवाय दर वर्षी आणते. यात बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या बाजारात दोन-तीन महिने आधी आलेल्या पेटीला कित्येक पट पैसे मिळतात आणि मे महिन्याच्या अखेरीस झाडावर पोसलेल्या उत्तम फळाची बोळवण कॅनिंगच्या भावावर होते, त्या बाजारानेच त्याला हे शिकवले आहे. भाजीपाल्याची गोष्ट वेगळी नाही. थंडीत मातीमोल झालेली कोथिंबिरीची जुडी मे महिन्यात भाव खाते आणि ज्याला मेमध्ये कोथिंबीर उभी करता आली तो हुशार शेतकरी ठरतो. आपला घाऊक बाजार अवेळीपणाला बक्षीस देतो, आणि हे बक्षीस मिळवायचे तर बहुतेक वेळा औषधांच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

आठवडी बाजारात सेंद्रिय माल विकण्याविषयीचे हे पुस्तक वाचायला घेताना एवढे आधी ध्यानात ठेवावे असे मला वाटते. सेंद्रिय शेतीबद्दल बोलताना आपण बहुधा काय घालायचे नाही याची यादी सांगतो: युरिया नाही, कीटकनाशक नाही, तणनाशक नाही. गिऱ्हाइकाला यातले काहीही दिसत नाही. फवारलेले वांगे आणि न फवारलेले वांगे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. किडके वांगे म्हणजे सेंद्रिय, हा समज तर भाबडा आहे. फळ पोखरणारी अळी चार-चार फवारण्यांनंतरही आत सुखरूप असते. उघड दिसणारी गोष्ट एकच. आज, या आठवड्यात, समोरच्या माणसाच्या पाटीत काय आहे आणि काय नाही. माझे म्हणणे असे की सेंद्रिय मालाच्या आठवडी बाजाराचा पाया प्रमाणपत्रावर घालू नये, स्वस्ताईवरही घालू नये. तो हंगामावर घालावा. हंगाम पाळल्याने शेतकऱ्याचा खर्च उतरतो, आणि त्याने तो पाळला आहे की नाही हे कोणाही शहाण्या गिऱ्हाइकाला पाटीसमोर उभे राहून तपासता येते. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणारी दुसरी अट मला दिसत नाही. बाकीच्या अटी, प्रमाणपत्रासकट, हिच्या मागून येतात.

खर्च उतरतो तो कसा, हे जरा शेतात उतरून पाहायला हवे. पावसाळ्यातल्या ढगाळ हवेत आणि सततच्या ओलाव्यात टोमॅटोवर करपा येतो. पाने तपकिरी पडतात आणि पाऊस उघडला नाही तर अख्खा प्लॉट आठवड्याभरात बसतो. कडक उन्हाळ्यात भेंडीवर पांढरी माशी वाढते आणि ती हळद्या पसरवते. फ्लॉवर-कोबीला थंडी मानवते; ऊन तापले की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या पानांची चाळण करतात. रासायनिक शेती करणारा या लढाईत फवारणीच्या पाळ्या वाढवून कसाबसा तग धरतो. सेंद्रिय शेतकऱ्याच्या हाती निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मा, चिकट सापळे, कामगंध सापळे एवढीच शिबंदी असते. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क करायचा म्हणजे पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटरपर्यंत पाणी करायचे आणि त्याच दिवशी फवारून मोकळे व्हायचे. वरून सर आली की सगळे धुऊन जाते. कीड आवाक्यात असताना हे उपाय चांगले चालतात, पण किडीला हवामानाची साथ असेल तर ते अपुरे पडतात. म्हणून सेंद्रिय शेतकऱ्याचे पहिले औषध पेरणीची तारीख हेच असते. योग्य महिन्यात लावलेल्या पिकाला निम्मे संरक्षण हवाच देते. अवेळी सेंद्रिय टोमॅटो पिकवणे अशक्य नाही. शेडनेट आहे, पॉलिहाऊस आहे. पण त्या खर्चाचा बोजा जो भाव मागतो तो आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकाला परवडत नाही, आणि मग वाट वाकडी करण्याचा मोह सुटत नाही.

मराठी स्वयंपाकघराला हंगाम नवा नाही, आणि हा मुद्दा मी जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी काढत नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे जे काय करायचे ते करून घेऊन चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे बंद करणारी घरे आजही आहेत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-भाकरीने वांगे पुन्हा ताटात येते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातला अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस अशी मिसळीची भाजी होते. पौषात भोगीला पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगे, वर तिळाचे कूट आणि सोबत बाजरीची भाकरी. या चालीरीतींची कारणे धार्मिक आहेत आणि त्यांत आधुनिक आहारशास्त्र शोधत बसण्याचा उद्योग करू नये. त्यांतून सिद्ध होते ते एवढेच की एखादी भाजी चार-चार महिने न खाता राहणे या समाजाच्या अंगवळणी होते, आणि ती परत आली की तिचे कौतुक करण्याची रीतही होती. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत पहिल्या पावसाबरोबर कातकरी, ठाकर, वारली बायका शेवळे घेऊन बसतात. शेवळांची जुडी घेतली की सोबत काकडाची छोट्या आवळ्याएवढी हिरवी फळे मिळतात, कारण त्यांच्या आंबट रसाशिवाय शेवळे घशाला खाजतात. दोन-तीन आठवड्यांत शेवळे संपतात; मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. कोणीही या बायकांकडे डिसेंबरात शेवळे मागत नाही, आणि त्यांच्या पाटीवर सेंद्रिय असे लिहिलेले नसूनही कोणाला शंका येत नाही. कृषी विभाग २०२० पासून रानभाजी महोत्सव भरवतो आहे, ते चांगलेच आहे. पण या पाट्या महोत्सवाच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत.

आठवडी बाजारही महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. तालुक्यातल्या गावांनी वार वाटून घेतलेले, ग्रामपंचायतीने बाजारकराचा लिलाव केलेला, एका कडेला धान्य, दुसऱ्या कडेला भाजी, टोकाला शेळ्या-कोंबड्या. गोव्यात म्हापशाचा शुक्रवार प्रसिद्धच आहे. शहरात भरणारा शेतकऱ्यांचा बाजार मात्र सरकारी धोरणातून आणि थोड्या हौशी प्रयोगांतून आला. पंजाब-हरियाणाकडे १९८७ मध्ये अपनी मंडी सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्रात रयतू बाजार आणि तमिळनाडूत, मदुराईपासून, उळवर संदै. मुंबईत कविता मुखी यांनी २०१० मध्ये वांद्र्याला सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार भरवायला सुरुवात केली. १९६३ च्या पणन कायद्याने भाजीपाला बाजार समितीच्या आवारात बांधून ठेवला होता. २०१६ च्या जुलैत राज्याने फळे-भाजीपाला त्या नियमनातून मोकळा केला आणि पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना हाती घेतली. (योजनांना नावे देणाऱ्या खात्याने एकदा तरी नेमके नाव निवडले, मळा सोडून पंढरीला न गेलेल्या संताचे नाव शहराच्या दारात मळा आणणाऱ्या योजनेला शोभते.) या सगळ्या प्रयत्नांत एक गृहीत सारखेच होते: मधला दलाल काढला की शेतकऱ्याला जास्त आणि गिऱ्हाइकाला कमी, असा दोघांचाही फायदा होतो.

हे गृहीत अर्धेच खरे आहे आणि त्याच्या खोट्या अर्ध्यापायी अनेक बाजार चार-सहा महिन्यांत उठले. खरा भाग आकड्यांत दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार गिऱ्हाइकाने मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात. उरलेले पैसे कोणीतरी खाल्ले, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या पैशात वाहतूक आहे, हमाली-तोलाई आहे, नासाडी आहे, प्रतवारी आहे, आणि दिवसभर उन्हात गाडीशी उभे राहून अर्धा-अर्धा किलो तोलून देणाऱ्या माणसाची मजुरी आहे. दलाल गेला तरी ही कामे जात नाहीत. ती शेतकऱ्याच्या घरावर येऊन पडतात. समजुतीपुरता हिशोब मांडू. एका कुटुंबाने टेम्पो करून दोनशे किलो माल शहरात आणला. टेम्पोचे १,८००, जागेचे ३००, पिशव्या वगैरे २००, दोन माणसांचा दिवस १,०००. खर्च ३,३०० रुपये. सरासरी ४० रुपयांनी दीडशे किलो विकला आणि पन्नास किलो उरला, तर हाती ६,००० येऊन पदरात २,७०० पडतात. तोच माल समितीत १५ रुपयांनी जाऊन गाडीभाड्याचे ५०० वजा होता २,५०० मिळाले असते. दोनशे रुपयांसाठी एवढी यातायात कोण करील? पण सगळा माल खपला तर शिल्लक ४,७०० वर जाते. म्हणजे या धंद्यात नफा ठरतो तो दलाल टाळण्याने नव्हे, संध्याकाळी टेम्पोत परत चढणाऱ्या क्रेटनी. माल उरतो की खपतो हे अवलंबून असते काय आणले त्यावर, आणि ते घ्यायला कोण येणार हे आधी किती ठाऊक होते त्यावर.

आता आठवड्याचा फेरा आणि पिकाचा फेरा यांची सांगड. बाजार भरवणारे याचा विचार फार कमी करतात, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग वाटतो. भेंडी एका आड एक दिवस तोडावी लागते. तिसऱ्या दिवशी ती जून होते. गवार, काकडी, दोडका यांचेही थोडेफार तसेच. बाजार रविवारी असेल तर शुक्रवार-शनिवारची तोड रविवारी चालते. मंगळवार-बुधवारच्या तोडीचे करायचे काय? ज्याने एकरभर भेंडी लावली त्याला आठवडी बाजार पुरत नाही आणि तो नाइलाजाने समितीकडेच वळतो. उलट दुधी चार दिवस थांबतो, लाल भोपळा चार महिने, सुरण, रताळी, अळकुड्या, आले, लसूण तर शेतकऱ्याच्या सवडीने बाजार पाहतात. मेथी महिन्याभरात उपटायला येते आणि दोन-चार दिवसांच्या उशिराने फुलावर जाते. म्हणून आठवडी बाजारासाठी मेथी करणाऱ्याने एकदम दहा गुंठे न फोकता दर आठवड्याला एक वाफा टाकायला हवा. पालकाचा खुडा घेता येतो, अंबाडीचाही. थोडक्यात, थांबणारा आणि न थांबणारा माल यांचे प्रमाण आधी ठरवून मग बियाणे आणायचे. अशी शेती करणाऱ्याच्या रानात एकाच वेळी दहा-बारा पिके उभी असतात, आणि मिश्र रानात एकाच किडीचा फैलाव सहसा होत नाही. आठवडी बाजार शेतकऱ्याला जी पीकपद्धती घ्यायला लावतो ती सेंद्रिय शेतीला हवी तशीच निघते. हा योगायोग आहे खरा, पण कामाचा आहे. बियाण्याच्या बाबतीतही हेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेले वाल-घेवड्याचे गावरान वाण घाऊक बाजारात टिकाव धरत नाहीत, कारण तिथे एकसारखा दिसणारा, लांबच्या प्रवासाला टिकणारा माल लागतो. ज्याला प्रवासच एका सकाळचा आहे त्या मालाला ही अट लागू नाही.

विश्वासाचा प्रश्न उरतोच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, म्हणजे एनपीओपीचे, किंवा पीजीएस या सहभागी हमी पद्धतीचे प्रमाणन लागते. एनपीओपीत हंगामी पिकाला पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे आणि फळबागेला पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे जमीन रसायनमुक्त ठेवावी लागते; तपासणी बाहेरची संस्था करते आणि तिचा खर्च दीड-दोन एकरवाल्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. पीजीएसमध्ये गावातलेच किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. आणि जो छोटा मूळ उत्पादक थेट खाणाऱ्याला विकतो, ज्याची वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत आहे, त्याला प्रमाणनातून सूट आहे. फक्त त्याला जैविक भारतचे बोधचिन्ह वापरता येत नाही. ही सूट म्हणजे पळवाट आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला ती समंजस तरतूद वाटते. कायदा इथे असे मानून चालतो की विकणारा आणि खाणारा समोरासमोर असतील तर विचारपूस होईल. विचारपूस झालीच नाही तर मात्र आक्षेप खरा ठरतो. गिऱ्हाइकाने काय विचारायचे याचे उत्तर पुन्हा हंगामात सापडते. "सेंद्रिय आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर येणार. "गेल्या आठवड्यात पावटा होता, आज का नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यायला रान ठाऊक असावे लागते.

यावर शेतीतला माणूस लगेच म्हणेल की हंगामी म्हणजे बिनफवारणीचे, हे समीकरण चुकीचे आहे. बरोबर आहे. नाशिकची द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये अगदी हंगामात येतात, आणि ऑक्टोबर छाटणीपासून केवडा आणि भुरी यांच्यासाठी त्यांच्यावर जितक्या फवारण्या होतात तितक्या क्वचितच दुसऱ्या फळावर होत असतील. ऐन हंगामातले वांगेही औषधात न्हालेले असू शकते. पालेभाजी हंगामी असेल, बिनऔषधाची असेल आणि तरीही शहराच्या सांडपाण्यावर वाढलेली असेल; मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेचे मळे हे त्याचे उदाहरण. हंगाम हा पुरावा आहे असे मी म्हणत नाही. ती चाळणी आहे. जो माल अवेळी आला आहे त्याबद्दलचा संशय रास्त ठरतो आणि तो दूर करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. जो वेळेवर आला आहे त्याच्याबाबत पुढची चौकशी सुरू होते: पाणी कुठले, शेजारच्या बांधावर कोण काय फवारतो, खत घरचे की विकतचे. या चौकशीला प्रमाणपत्राची जोड मिळाली तर उत्तमच. फक्त क्रम उलटा नसावा.

दुसरा आक्षेप घरातून येतो आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. कांदा, बटाटा, टोमॅटो ही आजच्या रोजच्या स्वयंपाकाची गरज आहे. त्यांच्यासाठी मंडईत जावेच लागणार असेल तर रविवारी वेगळ्या बाजाराची फेरी कोण मारणार? आणि पावसाळ्यातली भाजी म्हणजे निवडणे आले. अळूचे देठ सोलायचे, कुर्डूची कोवळी पानेच घ्यायची, वालाला मोड आणून साले काढायची. हंगामाचे कौतुक करणारे लेख बहुधा ज्यांना भाजी निवडावी लागत नाही ते लिहितात, हा टोमणा सार्थ आहे. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईच्या वेळेतून हंगामाची किंमत वसूल होत असेल तर ती टोमॅटो-फ्लॉवरकडेच जाणार आणि तिचे चुकत नाही. याला उपदेश हे उत्तर नव्हे. उत्तर विक्रेत्याच्या बाजूला आहे: निवडलेली मेथी, सोललेले डाळिंब्या-पावटे, चिरलेला सुरण, कोवळ्या फणसाची कापून ठेवलेली भाजी. मुंबईच्या मंडयांत निवडलेल्या-सोललेल्या भाजीला चांगले गिऱ्हाईक आहे हे तिथल्या भाजीवाल्या कधीच ओळखून आहेत. शेतकरी बाजारात मात्र माती लागलेली मुळे म्हणजेच अस्सलपणा अशी समजूत करून घेतलेली दिसते. सोलण्याची मजुरी गावातल्या बचतगटाला मिळाली तर तोच पावटा दीडपट भावाने, कुरकुर न होता जातो. कांद्या-बटाट्याचे म्हणाल तर ते साठवणीचे आहेत; ते हंगामाच्या चौकटीत सहज बसतात. खरा अडसर टोमॅटोचा. त्याच्या जागी चिंच, आमसूल, कैरी, अंबाडी वापरायची सवय अजून पुरती मोडलेली नाही, एवढेच म्हणता येईल.

महागाईचा आक्षेप नेहमीचा आहे, म्हणून थोडक्यात. सेंद्रिय माल महाग असतो याचे एक मोठे कारण खुरपणी. तणनाशक नाही म्हणजे बायकांचे हात लागतात, आणि त्यांची रोजंदारी भावात आली तर तक्रार करू नये. पण हंगामाच्या भरातला माल, सेंद्रिय असूनही, अवेळी आलेल्या साध्या मालाहून स्वस्त पडतो. महागाई जाणवते ती बारा महिने तेच ते खाण्याच्या हट्टामुळे. विक्रेत्यांनीही एक पथ्य पाळायला हवे. भर हंगामात भाव उतरला पाहिजे. वर्षभर एकच दर लावून ठेवणारा सेंद्रिय विक्रेता गिऱ्हाइकाला हंगाम कळूच देत नाही.

हंगाम तरी आता भरवशाचा राहिला आहे का, हाही प्रश्न आहे. मार्चमध्ये गारपीट, नोव्हेंबरात अवकाळी, जूनमध्ये दडी. पंचांगावर पेरणीच्या तारखा लिहून ठेवण्याचे दिवस गेले हे मान्य. यातून निघतो तो निष्कर्ष मात्र हंगाम सोडून देण्याचा नाही. दहा पिके थोडी थोडी असलेल्या रानात गारपिटीने तीन गेली तर सात उरतात. एकाच पिकाच्या तीन एकरांत सगळेच जाते. आणि समोरासमोरच्या बाजारात "पावसाने मेथी सडली, या आठवड्यात नाही" असे सांगता येते. घाऊक बाजारात हे वाक्य ऐकायला कोणी नसते.

राहिला प्रश्न तोतया शेतकऱ्यांचा. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा आणि आठ वाजता शेतकरी बाजारात टोपी घालून बसायचे, हे अनेक ठिकाणी चालते. बारा महिने एकाच गाळ्यावर त्याच बारा भाज्या दिसल्या तर ओळखावे. संयोजकांसाठी यावर साधा उपाय आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो घालतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. गाळा देताना ही नोंद मागावी, आणि नोंदीत नसलेली भाजी पाटीत दिसली तर विचारावे. बाजारात शेजारी बसणारे शेतकरीच हे काम सर्वांत चोख करतील, कारण तोतयामुळे नुकसान त्यांचे होते.

मात्र सातबाऱ्याची ही अट सरसकट लावली तर सर्वांत आधी बाहेर पडेल ती शेवळे-करटोली आणणारी बाई. तिच्या नावावर जमीन नाही, तिच्या पिकाची पाहणी कोणी केलेली नाही, आणि अनेकदा कुळीथ-नाचणी विकणाऱ्या शेतकरीण बाईच्या नावावरही सातबारा नसतो. तो नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. बायकांसाठी कुटुंबातल्या कोणाचाही उतारा चालावा. रानभाज्या आणणाऱ्यांसाठी वेगळा नियम हवा, आणि त्याला कायद्याचा आधार आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसह गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. ग्रामसभेचे एक पत्र तिच्यासाठी पुरेसे मानावे, तिच्याकडून जागेचे भाडे घेऊ नये, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत प्रवेशाजवळच्या दोन जागा तिच्यासाठी राखून ठेवाव्यात. पुढे चौथ्या प्रकरणात आठवडी बाजाराच्या नियमावलीचा जो नमुना दिला आहे त्यात हे कलम नाही. ते घालूनच नमुना वापरावा, अशी संयोजकांना माझी सूचना आहे.